न उसवणारी पाकळी

कात्री लोकरीच्या फेल्टमधून संथपणे वळते आणि बोटाच्या पेराएवढी एक पाकळी मेजावर पडते. तिच्या कडेतून एकही धागा सुटलेला नाही, कारण सुटायला या कापडात धागाच नसतो. सुती किंवा रेशमी कापडाची पाकळी कापली, तर ती उसवू नये म्हणून कड दुमडून शिवावी लागते आणि त्या जाड शिवणीत पाकळीचा नाजूकपणा हरवतो. फेल्टची पाकळी मात्र कात्रीतून सुटताक्षणीच तयार असते. फेल्टच्या फुलांचे ब्रोच, डूल आणि केसांचे चाप घडवण्याची सारी कला या एका सोयीवर उभी आहे.

ही सोय लोकरीच्या जडणघडणीतून येते. लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यावर टोकाच्या दिशेने झुकलेले बारीक खवले दिसतात. गरम साबणाच्या पाण्यात लोकर चोळत राहिले की हे तंतू एकमेकांत शिरतात. खवल्यांमुळे त्यांना पुढे सरकणे सोपे आणि मागे फिरणे अवघड जाते, आणि हळूहळू त्यांचा असा गुंता होतो की तो पुन्हा सोडवता येत नाही. गरम पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर आटून घट्ट होतो, तो याच कारणाने. स्वेटरच्या बाबतीत ज्याला आपण नुकसान म्हणतो, तेच फेल्ट करणारा मुद्दाम घडवून आणतो. फेल्टला, म्हणजेच नमद्याला, शोभेचे आकार देण्याची हौसही जुनी आहे: अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या थडग्यांत २,००० वर्षांहून जुने, फेल्टचेच घडवलेले हंस सापडले आहेत.

दागिन्यासाठी साधारण १ मिलिमीटर जाडीचे फेल्ट सोयीचे पडते. ३ मिलिमीटरची पाकळी गालिच्याच्या तुकड्यासारखी दिसते. बाजारात पॉलिएस्टरचे फेल्टही मिळते आणि सरावाला ते पुरेसे आहे. परंतु लोकरीची पाकळी किंचित ओली करून बोटावर वळवली आणि तशीच वाळू दिली, तर ती तो बाक धरून ठेवते, आणि हे सुख पॉलिएस्टरमध्ये नाही.

आता गुलाब पाहू. त्यासाठी सुट्या पाकळ्या लागतच नाहीत. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे एक वर्तुळ कापून, बाहेरच्या कडेपासून आत गोगलगाईच्या शंखासारखी दीड ते दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापत जायचे आणि मध्याशी नाण्याएवढी चकती शिल्लक ठेवायची. पट्टीची बाहेरची कड कात्रीने नागमोडी केली की पाकळ्यांचा भास होतो. गुंडाळायला सुरुवात बाहेरच्या टोकापासून करायची. पहिले दोन-तीन वेढे आवळून घ्यावेत, म्हणजे मिटलेली कळी दिसते. पुढचे वेढे मात्र सैल सोडावेत. नवख्या हातांची चूक नेमकी इथे होते: शेवटपर्यंत एकाच जोराने गुंडाळलेला गुलाब गुलाब न दिसता सुतळीची गुंडी दिसतो. अखेरीस मध्यावर राखलेली ती चकती फुलाच्या तळाशी येते आणि सगळे वेढे तिच्यावर पक्के करता येतात.

पक्के कशाने करावे, यावर कारागिरांत मतभेद आहेत. गरम गोंदाच्या बंदुकीने काम मिनिटभरात होते, पण थिजलेला गोंद कडक होतो आणि त्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू लोकरीला चिकटून राहतात. सुईने तळातून आरपार चार-सहा टाके घातले, तर वेळ अधिक लागतो. मात्र फूल मऊ राहते आणि एखादा वेढा नंतरही बोटाने सारखा करता येतो. अंगावर घालायच्या फुलाला टाकाच शोभतो, असे आमचे मत आहे.

शेवंतीची रीत याहून सोपी आहे. लांब पट्टी उभी दुमडून, घडीच्या बाजूने पाच-पाच मिलिमीटरवर कापत जायचे, उघड्या कडांशी थोडी जागा राखायची आणि पट्टी गुंडाळायची. प्रत्येक काप एक गोल टोकाची पाकळी होतो.

उरते ती मागची बाजू. ती कोणी पाहत नाही, तरी दागिन्याचा कस तिथेच लागतो. फेल्टच्या एका चकतीवर पिन शिवून, ती चकती फुलाच्या तळाला काजटाक्याने जोडतात. ही पिन बरोबर मध्यावर लावण्याचा मोह होतो, पण मग जड फूल कपड्यावर पुढे झुकते आणि पाहणाऱ्याला त्याचा माथाच दिसतो. म्हणून पिन मध्यापासून थोडी वर सरकवलेली असते. फुलाचा बहुतेक भार तिच्याखाली लोंबतो, तळ कपड्याला टेकतो आणि गुलाब समोर पाहू लागतो.