ऑगस्टेची फाईल

नमस्कार श्रोतेहो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, बायकांना वेगळा आणि पुरुषांना वेगळा का गाठतो, हा आजचा विषय. पण ऑगस्टे डेटरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयाला हातच घालवत नाही.

नोव्हेंबर १९०१, जर्मनीतलं फ्रँकफुर्ट. ५१ वर्षांची ऑगस्टे मनोरुग्णालयात दाखल झाली. आधी नवऱ्यावर संशय, मग विसर. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्याशी बोलायला बसले.

"नाव काय?" "ऑगस्टे."
"आडनाव?" "ऑगस्टे."
"नवऱ्याचं नाव?" "ऑगस्टे, बहुतेक."

जेवायला डुकराचं मांस आणि फ्लॉवर होता. काय खाताय, असं विचारलं तर म्हणाली, पालक. मग तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिनं 'फ्राउ' एवढं लिहिलं, म्हणजे आपलं 'श्रीमती', आणि पुढचं विसरली. परत परत एकच म्हणायची, "मी स्वतःलाच हरवून बसलेय."

अल्झायमरनी हे तिच्याच शब्दांत टिपून ठेवलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आजच्या फायलीत चाचणीचे गुण असतात, माणूस काय बोललं ते क्वचितच असतं. ते लिहायलाच हवं.

१९०६ मध्ये ती गेली. तिच्या मेंदूत प्रथिनांचे साठे आणि पेशींच्या आत गुंते सापडले. १९१० मध्ये या आजाराला अल्झायमर हे नाव मिळालं. डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार तो हाच.

तर, पहिली नोंदलेली रुग्ण बाई होती. हा योगायोग. पण आज अल्झायमरच्या तीन रुग्णांत साधारण दोन बायका असतात, हा योगायोग नाही. बायका जास्त जगतात, हे एक कारण. हो, पण ते एकच नाही. अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ हे जनुक बायकांना जास्त बाधतं, विशेषतः पासष्टी ते पंचाहत्तरीत. टाऊ प्रथिनाचे गुंतेही त्यांच्यात जास्त आढळतात. पाळी थांबताना इस्ट्रोजेन घटतं, त्याचाही संबंध अभ्यासला जातोय. म्हणून मनानं संप्रेरकांच्या गोळ्या मात्र घेऊ नका. पासष्टीपुढच्या बायकांना अशा दोन संप्रेरकांची जोडगोळी दिली, तेव्हा डिमेन्शियाचा धोका दुप्पट झाल्याचं २००३ मध्ये दिसलं. पुरुषही सुटलेले नाहीत. लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पेशींत लेवी बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साठून होणारा, त्यांच्यातच जास्त.

आता नीट ऐका. शब्द लक्षात ठेवण्यात बायका सरासरीनं पुरुषांपेक्षा सरस असतात. म्हणून आजार सुरू झाला तरी शब्दांच्या चाचणीत त्या पास होतात. पुन्हा सांगतो, आजार असतो आणि चाचणी पास होते. निदान उशिरा होतं, आणि मग घसरण झपाट्यानं झाल्यासारखी दिसते. तुमची आई किंवा बहीण आयुष्यभर घडाघडा बोलत आली असेल आणि आता सारखं "ते हे, ते आपलं" म्हणत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. आता कशी बोलते, आणि पूर्वी कशी बोलायची.