ओरण आणि राय

श्रोतेहो, नमस्कार.

आपला गोवा ३७०२ चौरस किलोमीटरचा. राजस्थानात जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं मरू राष्ट्रीय उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं. १९८० साली त्याला संरक्षण मिळालं. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा आपला बहुतेक मुलूख त्यात मावेल.

मी सत्तरी तालुक्यातली, पावसात वाढलेली. आपल्याकडं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जैसलमेरात २०० सुद्धा पुरा पडत नाही. त्यामुळं तिकडं जायला निघताना डोळ्यांपुढं नुसती वाळू होती. पण वाळूच्या टेकड्या त्या उद्यानाचा जेमतेम पाचवा भाग. बाकी खडकाळ जमीन आणि सेवण गवताचा माळ. मधूनमधून खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमीच! तिच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, सुकवून ठेवतात नि वर्षभर भाजी करतात. आणि जैसलमेरजवळ अकल गावी तर दगड झालेले बुंधे आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे.

या माळावर माळढोक राहतो. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. नर १५ किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून समोरची वीजतार त्याला नीट दिसत नाही; दिसली तरी एवढं जड अंग ऐन वेळी वळत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली.

या तारांतून जाणारी सौरवीज हवीच. पण तिच्यासाठी दिल्या जाणाऱ्या कितीतरी जमिनी सरकारी कागदावर ‘पडीक’ असतात, आणि हा शब्द मला फार सलतो. कारण त्या पडीक जमिनींत ओरण असतात. ओरण म्हणजे देवाला सोडलेलं रान. तिथं गुरं चरतात, उंट चरतात, पावसाचं पाणी तळ्यात जमतं. कुऱ्हाड मात्र चालत नाही, नांगर लागत नाही. ओरणाची नोंद ओरण म्हणूनच व्हावी, यासाठी तिथले पशुपालक पायी यात्रा काढतात. देगराई मातेचं ओरण हे तिथलं एक मोठं ओरण. देगराई! ते नाव ऐकलं आणि मला आमची देवराई आठवली. बांबरची निरंकाराची राय आठवली, पाण्यातून वर आलेल्या मुळांची, भर दुपारी काळोख असलेली. आणि आपले सडेही, म्हणजे कातळाची पठारं, आठवले, ज्यांना आपणही सहज पडीक म्हणून टाकतो, पावसाळ्यात ते फुलांनी भरलेले असले तरी.

तिथं एक म्हातारे मेंढपाळ भेटले. मी त्यांना रायीबद्दल सांगत होते. देव सारखेच, एवढं त्यांना लगेच पटलं. त्यांची शंका वेगळीच होती. ‘एवढा पाऊस पडतो म्हणता, मग लाकूड मुबलक असेल. तरी तोडत नाहीत?’

म्हटलं, ‘नाही बाबा. खाली पडलेली सुकी फांदीसुद्धा आमची आजी घरी आणू देत नसे.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग बसल्या जागेवरून सरकले आणि खेजडीच्या सावलीत मला जागा करून दिली.