कार्ड कुठं अडतंय ते आधी बघा

मित्रांनो, मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. होळी झाली की माझ्या टेबलावर एक ठरावीक तक्रार यायला लागते. "ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलंय. सुरुवातीला मस्त पळतं, मग पडतं." ओव्हरक्लॉक म्हणजे चिपचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, ठरवून दिलेल्यापेक्षा वाढवणं. आणि हे 'मग पडतं' म्हणजेच थ्रॉटलिंग, कार्डानं तो वेग स्वतःच कमी करणं. आज त्याबद्दलच बोलणार आहे. ओव्हरक्लॉकिंग शिकायचं असेल तर तिथूनच सुरुवात करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या मे महिन्यात तासगावचा एक मुलगा एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड घेऊन आला. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन करतो, वीस सेकंदांची एक क्लिप रेंडर करायची होती, म्हणजे तिचं एकेक चित्र कार्डाकडून तयार करून घ्यायचं होतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ४८० फ्रेम झाल्या. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा, स्लायडर १५० मेगाहर्ट्झनं पुढं सरकवला होता. पहिल्या फ्रेमला क्लॉक १९८० मेगाहर्ट्झ, वेळ ५२ सेकंद. दहाव्या फ्रेमपर्यंत क्लॉक १६९५ वर आला आणि एका फ्रेमला ६१ सेकंद लागायला लागले. त्याला वाटत होतं की कार्डच खराब आहे. कार्ड ठणठणीत होतं. फक्त गरम झालं होतं, आणि गरम झाल्यावर जे करायला हवं तेच ते करत होतं.

इथं थोडं मागं जाऊ. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला. त्याचा बस, म्हणजे बाकी मशीनशी जोडणारी वाट, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० चा प्रोसेसर सरळ ४५० वर चालायचा. दीडपट! त्या काळी कंपनी सुरक्षित आकडा छापून द्यायची आणि त्याच्या वरची जागा मोकळी असायची. ओव्हरक्लॉक करणारा ती मोकळी जागा वापरायचा. पण २०१२ मध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स ६८० कार्डाबरोबर जीपीयू बूस्ट, म्हणजे क्लॉक आपोआप वाढवायची सोय, आणलं, आणि तेव्हापासून ही जागा कार्ड स्वतःच वापरायला लागलं. ३०६० चा एनव्हिडियानं दिलेला बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ आहे. थंड असताना, पॉवर शिल्लक असताना ते काही न करता त्याच्या बरंच वर जातं. म्हणजे नवं कार्ड स्वतःला सतत ओव्हरक्लॉक करतच असतं. आपण स्लायडर सरकवतो तेव्हा त्याला इतकंच सांगतो की प्रत्येक व्होल्टेजला थोडा जास्त क्लॉक धर. प्रत्यक्षात किती धरायचा, हे दर क्षणाला कार्डच ठरवतं.

ते ठरवतं कशावरून? तापमान, वीज आणि व्होल्टेज. जीपीयू-झेड नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या सेन्सर्सच्या पानावर परफकॅप रीझन अशी एक ओळ असते. कार्डाला आत्ता कोण अडवतंय ते तिथं दिसतं. थर्म म्हणजे तापमान, पॉवर म्हणजे विजेची मर्यादा, व्हीरेल म्हणजे व्होल्टेजची. लिनक्सवाल्यांना हीच माहिती एनव्हिडिया-एसएमआय देतं. स्लायडरला हात लावण्याआधी ही ओळ वीस मिनिटं चालू कामावर बघा. दोन मिनिटांचा बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, पुरत नाही, तेवढ्यात हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्या, पूर्ण तापत नाही.

आता आपल्या गावाचं. कूलर कार्डाला थंड करतो तो खोलीतल्या हवेच्या आधारानं. समजा पूर्ण लोडवर तुमचं कार्ड खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर राहतं. एसी लावलेल्या खोलीत २२ अंश असतील तर कार्ड ६७ वर. तेच कार्ड, त्याच सेटिंगवर, एप्रिलच्या दुपारी सांगलीत ३८ अंशांच्या खोलीत ८३ वर जातं. आणि बऱ्याच कार्डांची ठरवून दिलेली मर्यादा ८३ हीच असते. एसीत बसून कुणी व्हिडिओत सांगितलेला आकडा इथं टिकत नाही, त्यात तुमच्या कार्डाचा काय दोष? शिवाय घसरण काही ८३ ला सुरू होत नाही. त्याच्या बरंच आधीपासून, तापमान चढेल तसं कार्ड एकेक पायरी उतरत असतं. ३०६० च्या पिढीत एक पायरी १५ मेगाहर्ट्झची. मर्यादा गाठली की मग ते भराभर उतरतं.

तासगावच्या त्या पोराचं कॅबिनेट टेबलाच्या खणात, दार लावून ठेवलेलं होतं. मागून निघालेली गरम हवा पुढून परत आत. दार उघडलं, पुढची जाळी धुतली, आणि केवढा फरक पडला! पैसा एक लागला नाही.

धुळीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची धूळ वेगळी आहे. मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानातून आलेलं कार्ड मी उघडलं होतं. पंखे काढले तर खाली हीटसिंकच्या पात्या दिसतच नव्हत्या. हळदीची बारीक भुकटी आणि धूळ मिळून नमद्यासारखा पिवळट तपकिरी थर बसला होता, चिमटीनं उचलला तर अख्खा निघाला, पात्यांचे ठसे उमटलेला. ब्लोअरनं तो नुसता आत दाबला जातो. आधी मऊ ब्रशनं मोकळा करायचा, मग हवा. आणि हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगानं फिरतो, बेअरिंग जातं. चार-पाच वर्षं झाली असतील तर चिप आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्टही बदला. मेमरीवरचे थर्मल पॅड, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या, बदलणार असाल तर मात्र जाडी मोजूनच आणा. पॅड अर्ध्या मिलिमीटरनं जरी जास्त जाड लागला तर कूलर चिपवर नीट टेकत नाही, आणि दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं.

तर, दार उघडल्यावर त्या मुलाच्या कार्डाची परफकॅपची ओळ बदलली. थर्म गेलं, पॉवर आलं. इथं बरीच मुलं निराश होतात. निराश व्हायचं कारण नाही, एक अडथळा गेला म्हणून तर दुसरा दिसला. ३०६० ला १७० वॉटची मर्यादा असते. पॉवरचा स्लायडर वर नेता येतो, पण वाढवलेला प्रत्येक वॉट उष्णता म्हणूनच बाहेर पडणार, आणि मे महिन्यात आपण पुन्हा थर्मपाशी येणार.

म्हणून मी उलटा रस्ता धरतो. अंडरव्होल्ट करतो, म्हणजे चिपचं व्होल्टेज कमी करतो. चिपला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आकडे घालून बघा. १९८० मेगाहर्ट्झला कार्ड १.०५ व्होल्ट घेत होतं. ते १८६० मेगाहर्ट्झ आणि ०.९ व्होल्टवर आणलं. क्लॉक ६ टक्क्यांनी उतरला. व्होल्टेजचं गुणोत्तर ०.८५७, त्याचा वर्ग ०.७३, त्याला क्लॉकच्या ०.९४ नं गुणा. उत्तर ०.६९. म्हणजे चिपच्या कामाची वीज जवळजवळ ३० टक्क्यांनी वाचली. ६ देऊन ३० घेतले. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि ती करायला धाडस लागत नाही. व्होल्टेज कमीच करतोय, त्यानं चिप जळत नाही. फार तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कोसळतो, मशीन परत चालू करायचं.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकची वक्ररेषा उघडते. ०.९ व्होल्टचा ठिपका हव्या त्या क्लॉकवर उचलायचा आणि त्याच्या उजवीकडची सगळी रेष सपाट करायची. म्हणजे कार्ड त्यापुढं व्होल्टेज मागतच नाही. क्लॉक किती, ते मात्र तुमचं तुम्हीच शोधायचं. एकाच दिवशी घेतलेल्या दोन कार्डांच्या चिपाही सारख्या नसतात. मिरजेत सतार जुळवणारा कारागीर काय करतो? खुंटी जराशी पिळतो, तार छेडतो, ऐकतो, मग पुन्हा जराशी. दुसऱ्या सतारीची खुंटी किती फिरली होती हे तो बघत नाही. तसंच १५ मेगाहर्ट्झ वाढवा, अर्धा तास आपलं नेहमीचं काम चालवा, मग पुढची पायरी. अडखळलं की दोन पायऱ्या मागं या.

मेमरीचं थोडक्यात. ३०६० वरच्या जीडीडीआर६ प्रकारच्या मेमरीत चूक ओळखून तोच डेटा पुन्हा पाठवायची सोय असते. त्यामुळं क्लॉक जास्त झाला तरी पडद्यावर ठिपके दिसतीलच असं नाही, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि आतून पुन्हापुन्हा पाठवण्यात वेळ जातो. मेमरी वाढवताना पडदा बघू नका, फ्रेमचा वेळ मोजा. तो कमी व्हायचा थांबला की तुम्हीही थांबा. कार्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आतच साठवलेलं सॉफ्टवेअर, बदलून मर्यादा उडवण्याबद्दल विचाराल तर माझं उत्तर नको असंच आहे.

त्या मुलाचं मशीन १८६० आणि ०.९ व्होल्टवर बसलं. खोलीत ३६ अंश होते, कार्ड ७१ वर. रात्री दहाला रेंडर लावलं आणि सकाळी उठल्या उठल्या त्यानं मला ग्राफचा फोटो पाठवला. क्लॉकची रेघ पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत आडवी. प्रत्येक फ्रेमला ५५ सेकंद, म्हणजे आधीच्या ६१ पेक्षा सहा कमी. ४८० फ्रेमचे मिळून ४८ मिनिटं वाचली होती. रेंडर साडेपाचच्या आत संपलं होतं, आणि पंखे कधीच थांबले होते.