टोपलीसाठी बांबू कापताना

श्रोतेहो, राम राम.

आज बांबूबद्दल बोलायचंय, पण मांडवाच्या किंवा शिडीच्या बांबूबद्दल नाही, टोपलीच्या बांबूबद्दल. आपल्या नागपूरच्या आजूबाजूला, उमरेडकडे, कुहीकडे, बऱ्याच जणांनी बांधावर बांबू लावलाय, मीही लावलाय, आणि भेटलं की सगळे एकच विचारतात, ट्रकवाला काय भाव देते. सूप-टोपली विणणाऱ्याला यातला कोणता बांबू चालतो हे कोणी विचारत नाही. मी स्वतः पाच वर्षं विचारलं नव्हतं.

माझ्याकडे मानवेल आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात दिसतो तोच, आतून जवळजवळ भरीव, फार जाड नाही. कटांग वेगळा, तो काटेरी आणि पोकळ असतो. मानवेलला मुरमाड, उताराची जमीन मानवते, पाणी साचणाऱ्या काळ्या खोलगट जमिनीत तो रडतो. मी ५ बाय ५ मीटरवर रोपं लावली, म्हणजे हेक्टरी ४०० बसतात, पहिली दोन वर्षं निंदण आणि गुरांपासून राखण केली, बाकी काही केलं नाही.

पाचव्या वर्षी गणपतीच्या मांडवासाठी कोणीतरी बांबू मागितला आणि मी ऐन श्रावणात कोयता घेऊन रांजीत शिरलो. रांजी म्हणजे बांबूचं बेट, आपल्याकडे रांजीच म्हणतात. श्रावणात रांजीच्या बुडाशी काय चाललेलं असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. जमिनीतून वास्ते वर येत असतात, तेच ज्याची आपण भाजी करतो, आणि तो कोंब जेवढा जाड निघाला तेवढाच जाड बांबू होतो, पुढे त्याची जाडी वाढत नाही, दोन-तीन महिन्यांत तो नुसता उंच होऊन पूर्ण उंचीला पोचतो आणि मग उरलेली वर्षं फक्त आतून पक्का होत राहतो. असे कितीतरी कोंब माझ्या पायाखाली मोडले. बांबू विकून जे थोडे उरले ते शेडमध्ये आडवे टाकले, दिवाळीला बघतो तर खाली पिठासारखी भुकटी पडलेली. घुण. बांबूत साखर-पिष्ट असतं, घुणाला तेच हवं असतं, आणि मी त्याला ताट वाढून दिलं होतं.

त्याच दिवाळीनंतर एक मावशी शेतावर आल्या. बुरूडकाम करतात, घरात तीन पिढ्यांचं काम आहे. त्यांना छठसाठी आणि लग्नसराईसाठी सुपं विणायची होती, छठला आपल्या अंबाझरीच्या काठावर किती सुपं दिसतात ते तुम्ही पाहिलंच असेल. मी कौतुकाने सगळ्यात जाड, पिवळसर झालेला बांबू दाखवला. मावशींनी त्याला कोयत्याच्या पाठीने दोनदा ठोकलं, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "भाऊ, हा निबर झाला नं. याची कांबी वाकणार नाही, मोडन." कांबी म्हणजे विणायला चिरून काढलेली बांबूची पट्टी. मग स्वतःच रांजीभोवती फिरून त्यांनी बोट दाखवलं ते मला पोरकट वाटणाऱ्या हिरव्या बांबूंवर.

तेव्हा त्यांनी मला वय ओळखायला शिकवलं. यंदाचा बांबू असेल तर पेरांवर वाळकं कवच चिकटलेलं असतं आणि अंगावर पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं की पुसली जाते. मागच्या वर्षीचा हिरवागार, गुळगुळीत, बहुतेक कवच गळून गेलेलं. तीन वर्षांच्या पुढे गेला की रंग फिका पडतो, अंगावर पांढरट-राखाडी डाग येतात आणि ठोकलं की कडक टणटण वाजतो. विणायला हवा तो मधला, एक वर्ष पूर्ण झालेला, दुसऱ्यात असलेला. शिडीला, मांडवाला, टमाट्याच्या आधाराला तीन वर्षांच्या वरचा.

आता अडचण इथेच आहे, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. रांजीला पुढचे कोंब देतात तेही हेच तरुण बांबू, त्यांच्याच कंदातून नवे कोंब फुटतात. म्हणजे विणणाऱ्याला जे हवं तेच रांजीला हवं. सगळे तरुण काढून घेतले तर टोपल्या छान होतील आणि दोन-तीन वर्षांत रांजी बारीक-बारीक काड्या द्यायला लागेल. आणि काहीच नाही कापलं तर म्हातारे बांबू एकमेकांत गुंतून मध्ये हात घालायला जागा राहत नाही, नवे कोंब वाकडे निघतात, वाकड्याची कांबी सरळ निघत नाही. म्हणून मी आता असं करतो, यंदाच्याला हातच लावत नाही, मागच्या वर्षीच्या तिनात एक मावशींना देतो, आणि तीन वर्षांवरचे जवळजवळ सगळे काढून टाकतो. काढताना एका बाजूने वाट करून मधोमध शिरतो, घोड्याच्या नालेसारखी मोकळी जागा ठेवून, बाहेरची तरुण कड तशीच उभी राहते. दरवर्षी नव्या बांबूंना रंगाचा एक पट्टा मारतो, वर्षाला वेगळा रंग, मग अंदाज करावा लागत नाही.

कापायचं दिवाळीनंतर ते माघापर्यंत, पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि गाठीच्या अगदी वर कापायचं, पेराच्या मध्ये नाही, कारण मध्ये कापलं की खुंटात कटोरी तयार होते, पाणी साचते आणि बूड सडते. कापल्यावर विणायला लगेच नसेल लागणार तर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पिष्ट निघून जातं आणि घुण फिरकत नाही. मावशी अमावास्येच्या आसपास कापायला सांगतात, मी त्यांचं ऐकतो.

मावशींना विणताना एकदा शेजारी बसून बघा. बांबूच्या टोकाला कोयत्याची एक चीर, मग दोन्ही हातांनी फाक ओढतात, तो चर्र आवाज करत शेवटपर्यंत सरळ फाटत जातो, गाठ आली की मनगटाला फक्त एक हलका झटका. पायाच्या अंगठ्यात कांबी धरून सुरीने पोटाकडचा पांढरा भाग सोलतात, वरची हिरवी पाठ वेगळी ठेवतात कारण सुपाची कड त्या पाठीनेच बांधायची असते, तिथेच सगळा जोर येतो. शेवटी कांबी बोटाभोवती गुंडाळून बघतात. माझ्या निबर बांबूची कांबी तिथेच तडकली होती, तो आवाज अजून कानात आहे.

काश्मीरमध्ये कांगडीची, म्हणजे थंडीत ऊब घ्यायच्या निखाऱ्यांच्या भांड्याची, टोपली विलोच्या कोवळ्या फांद्यांची विणतात, आणि त्या विलोचा एक भाऊ आपल्याकडे ओढ्याकाठी आहे, वाळुंज. तिथेही नियम तोच, कोवळी फांदी हवी आणि खोड जगलं पाहिजे.

कागदपत्रांचं थोडं सांगतो. २०१७ पर्यंत १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाड म्हणून धरला जायचा, त्यामुळे स्वतःच्या शेतातला कापून न्यायलाही परवान्याची कटकट होती, २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्यातून निघाला. त्याआधी २०११ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे पास स्वतः द्यायचा अधिकार मिळाला, तो हक्क त्या लोकांनी भांडून मिळवला होता. शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे.

आणि एक करा, तुमच्या बांधावर बांबू असेल तर तुमच्या गावात कोण विणतं ते शोधा आणि कापायच्या आधी त्यांना शेतावर बोलवा. ट्रकवाला जाडी बघते, ते कांबी बघतात.

यंदा मावशी आल्या तेव्हा मागच्या वर्षीचा पिवळा पट्टा बघून त्यांनी अकरा बांबू निवडले. बाराव्याला हात लावला, वर शेंड्यापर्यंत बघितलं, बुडाशी वाकून त्याच्या बाजूला किती जागा आहे ते बघितलं आणि म्हणाल्या, "हा राहू दे भाऊ, याच्या बुडाशी पुढच्या पावसात दोन निघन."