चार भोकं, एक इंजिन

देवबाग. सकाळचे सात. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर, माडांच्या सावलीत, ओंडक्यांवर चढवलेली आमची फायबरची बोट. पाऊस सरत आलाय. पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत तिला नवं इंजिन लावायचंय. ११५ हॉर्सपॉवरचं, फोर-स्ट्रोक, बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं. वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. एवढी ताकद बोटीला झेपते का, हे कागदपत्रांत आधीच पाहून घेतलंय.

मेकॅनिक बोलावता आला असता. पण भर समुद्रात या इंजिनाजवळ मी आणि दादाच असणार. मग त्याचा प्रत्येक बोल्ट आमच्या हातून गेलेला बरा.

बघणाऱ्याला धास्ती वाटते ती वजनाची. वजन चेन पुली उचलते. आमची काळजी आहे ती बोटीच्या मागच्या फळीची, ट्रान्समची. इंजिन अख्खी बोट ढकलतं ते या एका फळीच्या जिवावर. वरून फायबर, आत प्लायवूड. जुन्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं, की आत लाकूड कुजतं आणि वरचा रंग मात्र लख्ख राहतो.

दादा हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत जातो. ऐका. टक. टक. टक. आणि इथे, जुन्या भोकाखाली... बद्द.

तिथेच एक बारीक भोक पाडलं. निघालेला भुसा मी बोटावर घेतला. काळपट, ओला. चिमटीत दाबला तर पाणी सुटलं.

त्या दिवशी इंजिन चढलं नाही. आतलं फायबर कापलं, कुजकं लाकूड खरवडून काढलं, मरीन प्लाय इपॉक्सीत, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या गोंदात, बसवला. आठवडा मोडला. हाच भुसा नोव्हेंबरात, बोटीत पंधरा माणसं असताना सापडला असता, या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

आता मापं. फळीच्या दोन्ही कोपऱ्यांतून सारख्या लांबीच्या दोरीने दोन कमानी आखल्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथून मधली रेघ. वरच्या दोन भोकांमधलं अंतर ३२७ मिलिमीटर. बहुतेक मोठ्या इंजिनांना हेच माप चालतं. दादाने तीनदा मोजलं. मी पुन्हा मोजलं.

मग भोकं पाडली, कडांना आतून इपॉक्सी चोपडलं. पुली कुरकुरली, इंजिन हवेत तरंगलं.

"दादा, वायच खाली. अजून वायच. बस!"

उंची अशी बघायची: पंख्याच्या वर ही आडवी पट्टी आहे ना, ती बोटीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. फार खाली राहिली तर इंजिन पाणी उगाच ओढत बसतं, पेट्रोलचा खर्च वाढतो. फार वर गेली तर वळणावर पंखा हवा पकडतो, इंजिन नुसतंच किंचाळतं. आम्ही बोल्ट इंजिन फळीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या मधल्या भोकांत घातले, म्हणजे चालवून पाहिल्यावर इंजिन वर-खाली करायला जागा राहते.

१२ मिलिमीटरचे स्टीलचे बोल्ट, भोकांत भरपूर मरीन सीलंट, आतून रुंद वायसर. आवळताना सीलंट चहूबाजूंनी बाहेर आलं, की समजायचं, पाण्याला वाट उरली नाही.

बॅटरीच्या जाड केबल, स्टिअरिंग, पेट्रोलचा पाइप. पाइपातल्या रबरी फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. यात अर्धा दिवस गेला.

भरती आली. बोट कर्लीत उतरली. दादाने लाल दोरी मनगटात अडकवली. तो पाण्यात पडला तर दोरीचं टोक निसटेल आणि इंजिन जागीच बंद पडेल. चावी फिरली.

माझी नजर इंजिनाच्या मागे. तिथून पाण्याची बारीक धार यायला हवी. ती नसेल तर इंजिन थंड राहत नाही, लगेच बंद करायचं.

एक सेकंद. दोन.

आली.

पहिले दहा तास त्याला फार पळवायचं नाही. संध्याकाळी परतल्यावर चारही बोल्ट पुन्हा आवळले. त्यातला एक पाव आटा फिरला.