गवताचा पूल

श्रोतेहो, नमस्कार.

इंका, म्हणजे दक्षिण अमेरिकेत पूर्वी मोठं साम्राज्य असलेले लोक, म्हटलं की डोळ्यांपुढे त्यांच्या माचू पिचू या डोंगरावरच्या नगराचे दगड येतात. ते दगड आज राहू देत बाजूला. मला बोलायचंय गवताबद्दल.

पेरू देशात, कुस्को शहराच्या दक्षिणेला, अपुरिमाक नदीवर एक झुलता पूल आहे, केस्वाचाका. केचुआ भाषेत ‘चाका’ म्हणजे पूल. लांबी तीसएक मीटर, आणि सगळा गवताचा. दरवर्षी जूनमध्ये जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि नवा बांधतात.

डोंगरउतारावरचं चिवट गवत आणायचं, दगडानं ठेचायचं, भिजवून मऊ करायचं आणि दोन्ही तळहातांत पीळ देत बारीक दोरी वळायची. हे काम मुख्यतः बायकांचं. मग अशा कितीतरी दोऱ्या एकत्र वळून, त्यांची वेणी घालून मांडीएवढे जाड दोर होतात. चार पायांखाली, दोन हाताला धरायला. दोन्ही काठांवरची माणसं ते ओढून ताणतात. शेवटी दोन्ही बाजूंनी विणकर निघतात, दोरांवर बसून, खाली नदी, बाजूच्या जाळ्या विणत विणत मध्यावर भेटतात.

इंकांकडे घोडा नव्हता, लोखंड नव्हतं, चाकाची गाडी नव्हती. तरी आजच्या कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत 30,000 किलोमीटरच्या वर रस्ते होते. त्यावरून लामा या ओझी वाहणाऱ्या प्राण्यांचे तांडे जात, निरोपे धावत. दरी आली की असा पूल. नाणं नव्हतं, म्हणून सारा भरायचा तो श्रमानं. त्याला ‘मिता’ म्हणत. पूल राखायचा तो काठावरच्या गावांनी. वेठ म्हणाल तर वेठच! फक्त कामावरच्या माणसांना जेवण आणि मक्याची दारू, चिचा, द्यायची जबाबदारी राज्याची.

1532 मध्ये काहामार्का इथं पिसारो या स्पॅनिश सेनानीनं इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं, पुढच्या वर्षी ठार केलं. साम्राज्य मोडलं. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ असं आपण म्हणतो ते टोमणा मारायला. इथं मात्र ते मी कौतुकानं म्हणेन. हुकूम सोडणारा सम्राट नाही, शेजारी गाड्यांसाठी पक्का पूलही आहे, आणि तरी चार गावं दरसाल गवत वळतात. आधी धरणीमातेला, पाचामामाला, नैवेद्य. पूल झाला की नाच आणि जेवणावळ. 2013 मध्ये युनेस्कोनं या परंपरेची नोंद घेतली. पूल जपायचा म्हणजे तो दरवर्षी पाडायचा, ही गंमत मला फार आवडते.

2020 मध्ये करोनामुळे नवा पूल बांधला गेला नाही. जुने दोर कुजले आणि मार्च 2021 मध्ये पूल तुटून नदीत कोसळला. जूनमध्ये चारही गावं वळलेल्या दोऱ्यांची वेटोळी घेऊन पुन्हा काठावर हजर होती.