फुकटचा फ्रीझर

[दृश्य: आयर्लंडमधलं गावातलं लहानसं दुकान. काउंटरवर वर्तमानपत्रं, मागे बिस्किटांची फडताळं, दाराशी आडवा डीप फ्रीझर.]

निवेदन:

आईस्क्रीम घ्यायचं ठरवून घरातून कुणी निघत नाही. वर्तमानपत्र घ्यायला, दूध घ्यायला माणूस दुकानात येतो, दाराशी फ्रीझर दिसतो, काच सरकवून हात आत जातो. पोरगं सोबत असेल तर विचारायलाच नको. या धंद्याचं सगळं गणित त्या दोन-तीन सेकंदांत असतं. फ्रीझरमध्ये जे असेल ते विकलं जातं. जे नाही, ते कितीही चांगलं असो, गिऱ्हाइकाच्या लेखी नाहीच.

आता या फ्रीझरवरची अक्षरं बघा. एचबी.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. दुधाच्या बरण्या, घोडागाडी.]

एचबी म्हणजे ह्यूज ब्रदर्स. डब्लिनच्या दक्षिणेला रॅथफार्नम इथे हेझलब्रुक नावाचं शेत आणि तिथला या भावांचा दुधाचा धंदा. १९२६ मध्ये त्यांनी आईस्क्रीम करायला घेतलं. १९७३ मध्ये कंपनी युनिलिव्हरकडे गेली. मालक बदलला, नाव राहिलं. आयरिश माणसाला ती अजूनही घरचीच वाटते.

दुकानदाराशी एचबीचा व्यवहार साधा होता. फ्रीझर आम्ही देतो. भाडं नाही, किंवा असलंच तर नावापुरतं. बिघडला तर दुरुस्ती आमची. फ्रीझर मात्र आमच्या मालकीचा राहील आणि त्यात आमचाच माल राहील.

दुकानदाराने नाही का म्हणावं? आयर्लंडची ही दुकानं खोलीभर. फ्रीझर विकत घ्यायचा म्हणजे पदरचे पैसे, वर दुरुस्तीची कटकट. आणि एचबीचा माल तर ठेवायलाच हवा; गिऱ्हाईक तेच मागतं.

[दृश्य: १९८९. दुकानाच्या काचेवर नव्या आईस्क्रीमची जाहिरात.]

१९८९ मध्ये मार्स कंपनी आयर्लंडच्या आईस्क्रीम बाजारात उतरली. चॉकलेट सगळ्यांच्या ओळखीचं, त्याचंच आता आईस्क्रीम. दुकानदारांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं: एचबीच्या फ्रीझरमध्ये एक कोपरा मोकळा करून मार्स ठेवलं. एचबीने मग कराराकडे बोट दाखवलं. ऑगस्ट १९८९ मध्ये ४२ टक्के दुकानांत पोचलेलं मार्स, पुढच्या जूनपर्यंत २० टक्क्यांच्याही खाली आलं.

मार्च १९९० मध्ये मार्सची आयरिश कंपनी, मास्टरफूड्स, डब्लिनच्या हायकोर्टात गेली. ही अट बेकायदा ठरवा, अशी मागणी. एचबीनेही उलट दावा लावला: आमच्या फ्रीझरमध्ये माल ठेवायला दुकानदारांना फूस लावणं थांबवा. एप्रिलमध्ये एचबीला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. २८ मे १९९२ ला न्यायमूर्ती रोनन कीन यांनी मार्सचा दावा फेटाळला आणि मनाई हुकूम कायम केला.

हा निकाल वेडगळ नव्हता, हे इथे सांगायला हवं. फ्रीझर ज्याचा, त्यात काय ठेवायचं हे तो ठरवणार. माझ्या कपाटात शेजाऱ्याने कपडे का ठेवावेत? शिवाय दुकानदाराचे हात कुणी बांधले नव्हते. स्वतःचा फ्रीझर आणावा, मार्सचा आणावा, एचबीचा परत करावा.

[दृश्य: ब्रसेल्स. युरोपीय आयोगाची इमारत.]

मार्सने दुसरंही दार ठोठावलं होतं. सप्टेंबर १९९१ मध्ये ब्रसेल्सला, युरोपीय आयोगाकडे तक्रार. सभासद देशांत युरोपचे स्पर्धेचे नियम पाळले जातात का, हे बघणारी ही यंत्रणा. योगायोग असा, की त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९९१ ला, आयर्लंडचा नवा स्पर्धा कायदा लागू झाला. त्याआधी १९५३ पासून तिथे एकेका धंद्यासाठी वेगवेगळे आदेश निघत. वाणसामानाचा त्यातला एक तर खरेदीच्या दराखाली माल विकायलाच बंदी घालायचा. ग्राहकाला स्वस्त मिळू नये म्हणून सरकारी आदेश! तो रद्द व्हायला २००६ साल उजाडलं. नव्या कायद्याची दोन मुख्य कलमं, चौथं आणि पाचवं, युरोपीय कराराच्या कलमांवर जवळजवळ बेतलेली. चौथ्यात स्पर्धा मोडणारे करार, पाचव्यात बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर.

ब्रसेल्सने फ्रीझरची मालकी तपासत बसण्याऐवजी दुकानाच्या फरशीवर जागा किती उरते ते मोजलं. आयर्लंडमधल्या सुमारे ४० टक्के दुकानांत फ्रीझर फक्त एचबीचे. अशा एकेक नगाने विकल्या जाणाऱ्या आईस्क्रीमच्या बाजारात एचबीचा वाटा ७५ टक्क्यांच्या वर. दुकानदार कागदावर मोकळा. पण फुकटचा, चालता, खपणाऱ्या मालाने भरलेला फ्रीझर काढून त्या जागी पैसे मोजून दुसरा कोण आणणार? आणि शेजारी दुसरा मांडायला जागा कुठे?

मधल्या काळात, १९९५ मध्ये, एचबीने अटी थोड्या सैल केल्या. स्वतःचा फ्रीझर ठेवणाऱ्या दुकानदाराला मोबदला, हप्त्याने फ्रीझर विकत घ्यायची सोय. आयोग आधी काहीसा राजी झाल्यासारखा दिसला. दुकानांतलं चित्र मात्र फारसं हललं नाही. ११ मार्च १९९८ ला आयोगाने अट बेकायदा ठरवली.

फ्रीझर देण्याला आयोगाचा आक्षेप नव्हता. हीच अट एखाद्या नवख्या कंपनीने घातली असती तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. बाजार ज्याच्या मुठीत, त्याच्यावर वेगळी जबाबदारी येते. इतरांना चालतं ते त्याला चालेलच असं नाही. एचबीला हे शेवटपर्यंत पटलं नाही. धंदेवाईक माणसाला ते सहज पटतही नाही.

[दृश्य: एकाच फ्रीझरवर दोन कागद, दोन शिक्के.]

आता पेच बघा. डब्लिन म्हणतं, अट वैध, मार्सने आत येऊ नये. ब्रसेल्स म्हणतं, अट रद्द. डब्लिनच्या सुप्रीम कोर्टात मार्सचं अपील पडून; आयोगाच्या निर्णयाविरुद्ध एचबी लक्झेंबर्गला गेलेली. जून १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयालाच विचारलं: आम्ही काय करावं? १४ डिसेंबर २००० ला उत्तर आलं. आयोगाच्या निर्णयाला छेद देणारा निकाल देशातल्या न्यायालयाला देता येणार नाही. त्या निर्णयाविरुद्धचा वाद संपेपर्यंत थांबावं. स्पर्धा कायद्याच्या वर्गात हा खटला आजही शिकवला जातो तो यासाठी. आईस्क्रीम त्यात निमित्तमात्र.

२३ ऑक्टोबर २००३ ला आयोगाच्या निर्णयाविरुद्धची एचबीची फिर्याद लक्झेंबर्गमध्ये फेटाळली गेली. सप्टेंबर २००६ मध्ये शेवटचं अपीलही. पहिल्या दाव्यापासून साडेसोळा वर्षं.

[दृश्य: डब्लिनमधली सरकारी कचेरी.]

या साडेसोळा वर्षांत आयर्लंडचा कायदा बराच कडक झाला. संगनमताने भाव ठरवणं तिथे फौजदारी गुन्हा आहे. २००६ मध्येच गॉलवेच्या कोर्टात, घरं ऊबदार ठेवायच्या तेलाचे भाव आपसात ठरवल्याबद्दल, एका व्यावसायिकाला सहा महिन्यांची शिक्षा झाली; शिक्षा स्थगित ठेवली आणि दंड घेतला. २०१२ पासून अशा गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१४ मध्ये स्पर्धेचं आणि ग्राहकांचं अशी दोन खाती जोडून आयर्लंडचा स्वतःचा एक आयोग झाला.

त्या आयोगाला स्वतःहून दंड मात्र करता येईना. शिक्षा देणं हे न्यायाधीशाचं काम, असं आयरिश राज्यघटनेचं वळण. २०२२ च्या कायद्याने वाट काढली, ती सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे: एक कोटी युरो किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त तिथपर्यंत दंड. पण तो लागू व्हायला शेवटी कोर्टाची मोहोर लागतेच.

[दृश्य: क्लेअर काउंटी. हिरवळीवर विटांचं घर.]

हे हेझलब्रुकचं घर. ह्यूज भावांचं. रॅथफार्नममधून विटेविटेने उतरवून पश्चिमेला बनरॅटीच्या लोकजीवन संग्रहालयात पुन्हा उभं केलेलं. पर्यटक येतात, दारासमोर फोटो काढतात. आईस्क्रीमची आठवण बऱ्याच जणांना येते, खटल्याची फारशी कुणाला नाही.

[पडदा काळा.]